बाबांच्या आवाजाचं पॅकेज

सरळच सांगतो. माझ्या बाबांना आणखी एकदा, फक्त एकदा, आमच्या वाडीतल्या विहारात जयंतीच्या दिवशी उभं राहून स्वतःच्या आवाजात बोलायचं होतं, आणि ते माझ्यामुळे राहिलं. आजारामुळे नाही, डॉक्टरांमुळे नाही, माझ्यामुळे. नातेवाईक म्हणतात, "अरे, मशीनचं काय घेऊन बसलास, ते कधीही बिघडतं." मशीन बिघडलं नव्हतं हो. मी सांगितलं होतं तस्संच ते वागत होतं.

मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहाय्यक आहे. दिवसभर "सर, प्रिंट येत नाही", "सर, माउस हलत नाही" एवढंच ऐकतो आणि खेकसतो. स्वभाव तापट आहे, लपवत नाही. पण लॅबला कुलूप लागलं की माझं दुसरं, आवडीचं काम सुरू होतं. लिनक्स नावाची कॉम्प्युटरची एक व्यवस्था आहे, जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेली. तिचे वेगवेगळे संच असतात, त्यांना डिस्ट्रिब्युशन म्हणतात. त्यातल्या एका संचासाठी मी पायथन भाषेतले प्रोग्रॅम पॅक करतो. म्हणजे कोणीतरी कुठेतरी लिहिलेला प्रोग्रॅम घ्यायचा, तो चालायला आणखी काय काय लागतं ते शोधून काढायचं, आणि सगळं असं मांडून ठेवायचं की दुसऱ्याने मागितला की त्याच्या मशीनवर तो निमूट चालला पाहिजे.

हे जे "आणखी काय काय लागतं", त्याला डिपेंडन्सी म्हणतात, आणि खरी डोकेदुखी तीच. एका मॉड्यूलला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तयार भागाला, दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, आणि तिसरं लिहिणारा लग्न करून गायब झालेला असतो. त्याला मेल टाका, उत्तर नाही. मग त्याचं मॉड्यूल आपणच सांभाळायचं. अशी तीसेक पोरकी मॉड्यूल्स माझ्या गळ्यात आहेत. आई विचारायची, "ह्याचा तुला काय मिळता?" मी म्हणायचो, "डोकेदुखी."

पण त्या कामातला एक नियम मला पहिल्या दिवसापासून भावला. प्रोग्रॅम लिहिणारे लोक आळशी असतात. दुसऱ्याचं एखादं मॉड्यूल लागलं की त्याची नक्कल करून आपल्याच फोल्डरमध्ये टाकून मोकळे होतात. आमच्या संचात ते चालत नाही. एक वस्तू अख्ख्या संचात एकदाच ठेवायची आणि सगळ्यांनी तीच वापरायची. तिच्यात खोट निघाली तर एका ठिकाणी दुरुस्त केली की सगळ्यांची दुरुस्त होते. मी बाबांना हे समजावताना म्हटलं होतं, "बाबा, सगळ्या वाडीची एकच विहीर. कोणी परसात वेगळी खणायची नाही."

बाबा तेव्हा बोलत होते, स्वतःच्या गळ्यातून.  आमच्या आजोबांच्या वेळी गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना पाय ठेवता येत नव्हता. उतारावरच्या डबक्यातून आजी पाणी आणायची, मार्च उलटला की तेही गढूळ. हे सगळं बाबांनी मला लहानपणी इतक्यांदा सांगितलं होतं की ते डबकं मी पाहिल्यासारखं मला आठवतं. बाबा म्हणाले, "चांगला नियम आहे. सोडू नकोस." म्हणून मी तो नियम पाळायचो, आणि दुसऱ्या कोणी मोडला की त्याची चांगली खरडपट्टी काढायचो.

बाबा प्राथमिक शिक्षक होते. तालुक्यातल्या कुठल्या कुठल्या शाळांवर त्यांनी नोकरी केली, कातळावर उघड्यावर बांधलेल्या दोन खोल्यांच्या शाळा. त्यांचा आवाज खणखणीत होता. शेवटच्या बाकावरच्या पोरालाच नव्हे, शेजारच्या वाडीलाही पाढे पाठ व्हायचे असं लोक गमतीने म्हणायचे. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणत. आणि दर जयंतीला विहारात शेवटचं भाषण गुरुजींचं, हे ठरलेलं. लोक मुंबईहून रात्रभर प्रवास करून यायचे आणि पेंगुळलेले का होईना, त्या भाषणाला बसायचे.

आणि त्यांनाच घशाचा कॅन्सर झाला. आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. आई पदर तोंडात धरून बसली होती. बाबांनी विचारलं, "ऑपरेशनला किती दिवस आहेत?" डॉक्टर म्हणाले, "अकरा."

ते दिवस बाबा माझ्या रत्नागिरीच्या खोलीवर राहिले. मी कपाटात दोन गोधड्या लावल्या, म्हणजे बाहेरच्या रिक्षांचा आवाज येणार नाही, आणि बाबांना कपाटासमोर स्टुलावर बसवलं. मराठी बोलायला जेवढे आवाज लागतात त्यांची यादी मी छापून आणली होती. ती सगळी यादी बाबांनी वाचायची, मी रेकॉर्ड करायची, आणि नंतर ते तुकडे जोडून त्यांचं बोलणं तयार करायचं, असा बेत होता. बाबा हजेरी घेतल्यासारखे वाचायचे. एक आवाज, थोडं थांबणं, पुढचा आवाज. चुकलं असं वाटलं तर स्वतःच म्हणायचे, "पुन्हा." सहाव्या दिवशी घशातून रक्त आलं. डॉक्टरांनी तारीख अलीकडे ओढली. यादीची शेवटची दोन पानं राहिली ती राहिलीच.

ऑपरेशन चालू असताना मी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन प्रोग्रॅम लिहीत होतो. हाताला दुसरं काम नव्हतं, आणि नुसतं बसवत नव्हतं. तुकडे जोडण्यासाठी मी कोणाचं तरी तयार मॉड्यूल घेतलं. चांगलं होतं, पण भलतंच कडक. ते आधी सगळे तुकडे मोजायचं, आणि यादीतला एक जरी कमी असला तर तोंडच उघडायचं नाही. बाबांचे तर दोन पानं तुकडे कमी. मग मी त्या मॉड्यूलची नक्कल माझ्या फोल्डरमध्ये टाकली आणि तिच्यात चार ओळी बदलल्या. तुकडा सापडला नाही तर जवळपासचा घे, तोही नसला तर क्षणभर गप्प राहा आणि पुढे चल. एवढंच. नियमाविरुद्ध होतं, पण तेव्हा कसला नियम. मी काय बदललं आणि का बदललं, ते कुठेही लिहून ठेवलं नाही. म्हटलं, हे काय मी विसरणार आहे?

बाबा घरी आल्यावर त्यांच्यासमोर कॉम्प्युटर ठेवला. एका बोटाने, कळ शोधत शोधत त्यांनी पहिलं वाक्य टाइप केलं, आणि त्यांचाच आवाज म्हणाला, "चहात साखर कमी आहे." मध्ये एका ठिकाणी बोलणं ठेचकाळलं, एक तुकडा नव्हता तिथे. पण आवाज त्यांचा, दम देतानाचा, शंभर टक्के त्यांचा. आई हसायला लागली आणि हसता हसता रडली. बाबांनी लगेच पुढचं टाइप केलं, "रडू नको, साखर आण."

मग तीन वर्षं असं चाललं. आई-बाबा गावी, मी रत्नागिरीत. रोज संध्याकाळी सात वाजता मी फोन करायचो. आई फोन कॉम्प्युटरच्या स्पीकरपाशी धरायची आणि बाबा टाइप करून बोलायचे. "जेवलास का? सुकट मिळाली का? बनियन वाळत घातलेस का?" असलेच प्रश्न. दर शनिवारी मी इथूनच त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून काय नवीन घालायचं ते घालायचो. तेव्हा त्यांच्या पडद्यावरचा बाण आपोआप हलायचा. ते खुर्चीत बसून बघत राहायचे. आईला सांगायचे, "मुलगा आला."

गेल्या वर्षी उन्हाळ्याआधी माझ्या मनात आलं, हा प्रोग्रॅम आपल्यापुरता का ठेवायचा? आवाज गेलेली माणसं जगात काय कमी आहेत? म्हणून मी तो नीट पॅक करून आमच्या संचात घ्यायला पाठवला. आमच्याकडे कोणाचंही पॅकेज आधी दुसरा तपासतो, मगच आत घेतात. माझं तपासायला आला तो माणूस कुठल्यातरी थंड देशातला, त्याला मी कधी पाहिलेलं नाही. त्याने अगदी सभ्य शब्दांत लिहिलं, तुमच्या फोल्डरमध्ये एका मॉड्यूलची नक्कल दिसते, ते मॉड्यूल आपल्या संचात आधीच आहे, कृपया नक्कल काढा आणि संचातलं वापरा.

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! मी, लोकांना ह्याच नियमावरून झाडणारा, आणि माझ्याच परसात वेगळी विहीर. मी तो फोल्डर तिथल्या तिथे उडवला. त्याच्या जागी एक ओळ लिहिली, की ह्या प्रोग्रॅमला संचातलं ते मॉड्यूल लागतं. चाचण्या चालवल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. अर्थात चाचण्या नमुन्याच्या आवाजावर होत्या. बाबांचा आवाज मी पॅकेजमध्ये कसा टाकणार, तो घरचा. आणि नमुन्याचा आवाज पूर्ण होता, एकही तुकडा न गळलेला.

दोन प्रती शेजारी ठेवून काय फरक आहे ते बघायला एक ओळीची आज्ञा लागते. एक ओळ! नक्कल काढण्याआधी ती चालवा, हे मी नवीन येणाऱ्यांना कानीकपाळी ओरडून सांगतो. मी चालवली नाही. नक्कल मी टाकली होती हे मला आठवत होतं, ती मी बदलली होती हे डोक्यातून साफ गेलं होतं. ते ऑपरेशनचे दिवसच मी डोक्यातून काढून टाकले होते, त्यांच्याबरोबर त्या चार ओळीही गेल्या.

त्याच आठवड्यात आमचं भांडण झालं. रविवारी मी गावी गेलो होतो. आईने घावणे केले होते. खाऊन होतंय तोवर बाबांनी टाइप केलं, "यंदा जयंतीला मी बोलणार. तू ये. स्पीकर लाव. माझ्या उजव्या बाजूला उभा राहा."

आजारपणानंतर तीन वर्षं ते विहारात मागच्या भिंतीला टेकून बसायचे. त्या वर्षी त्यांनी मनावर घेतलं होतं. मला मात्र भलतंच सुचलं. आमच्या संचाची नवी आवृत्ती यायची होती आणि त्याआधी नवं काम घ्यायचं दार बंद करतात, म्हणजे तोवर सगळं काम आत टाकून व्हावं लागतं. ते नेमकं त्याच आठवड्यात होतं. मी म्हटलं, "बाबा, मला नाही जमणार. काम आहे." त्यांनी टाइप केलं, "एक दिवस." मी म्हटलं, "एक दिवसही नाही." त्यांनी पुन्हा तेच टाइप केलं, "एक दिवस." तोच आवाज, तोच चढ, अगदी तसाच. मशीन ते, दुसऱ्यांदा वेगळं कसं बोलणार. पण माझं डोकं फिरलं आणि मी म्हणालो, "आणि हे असं अडखळत बोलणारं मशीन तुम्ही सभेत लावणार? लोक हसतील, बाबा."

आई म्हणाली, "काय बोलतोस रे?" बाबांनी कळांवरचं बोट उचललं आणि मांडीवर ठेवलं. मी माफी मागायला हवी होती. नाही मागितली. पिशवी उचलली आणि संध्याकाळची एसटी पकडून रत्नागिरीला आलो.

बुधवारी माझं पॅकेज मंजूर झालं. शनिवारी नेहमीसारखा मी बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो. पडद्यावर एक फाइल उघडी होती, तिचं नाव "भाषण". मी वाचली नाही. हट्ट सोडत नाहीत बघ, असं मनात म्हटलं आणि ती बंद केली. मग माझं ते नवंकोरं, मंजूर झालेलं पॅकेज घातलं, मशीन बंद करून चालू केलं आणि बाहेर पडलो. बाबा त्या वेळी समोर बसलेले होते. फाइल बंद होताना, मशीन बंद होऊन पुन्हा चालू होताना ते बघत होते. हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी सातला फोन केला. आई म्हणाली, "मशीन बोलत नाय रे."

मी म्हणालो, "मशीन बोलत नाही की ते बोलत नाहीत? मशीन मी आजच बघितलंय. ठणठणीत आहे."

आई म्हणाली, "तां मला काय समजता? बसलेत ते तिकडे."

"मग बसू दे."

हे माझे शब्द. "मग बसू दे." मला वाटलं, अबोला धरलाय. आमच्या घराण्यात अबोला नवा नाही. आजोबा आणि त्यांचे भाऊ एका बांधावरून वर्षानुवर्षं बोलत नव्हते. मी म्हटलं, ठीक आहे, तुम्हाला धरता येतो तर मलाही येतो. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा म्हणाली, तिसऱ्या दिवशी तिने तो विषयच काढला नाही. मी फोन करायचो, आईशी दोन मिनिटं बोलायचो आणि ठेवायचो. तिच्या मागे खुर्ची करकरायची, ती ऐकू यायची. शनिवारी शिरायचंही सोडलं. म्हटलं, त्यांना नको तर मला कशाला हवंय?

जयंतीला मी गेलो नाही. संध्याकाळी आईने सांगितलं, ते पांढरा सदरा घालून गेले, पहिल्या रांगेत बसले आणि भाषण दुसऱ्या कोणी केलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलो, हट्ट सोडला एकदाचा. दारं बंद व्हायच्या आत माझी सगळी पॅकेजेस आत गेली होती, मी खुशीत होतो.

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी आईचा फोन आला. बाबा परसात आंबे गोळा करत होते, तिथेच बसले, आणि उठले नाहीत. मी एसटी स्टँडवर पोचलो तेव्हा शेजाऱ्यांचा दुसरा फोन आला, आता घाई करू नकोस म्हणून. घाई करू नकोस! सबंध रस्ताभर मी एकच हिशेब करत होतो, बाबांशी आपण शेवटचं काय बोललो. आणि दर वेळी उत्तर तेच निघत होतं.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मोठा करून लावायला त्यांचा फोटो हवा होता, तो कॉम्प्युटरमध्ये होता. म्हणून मी ते मशीन चालू केलं. आणि सवयीने, खरंच नुसत्या सवयीने, "बाबा" एवढा शब्द टाइप केला. आवाज आला नाही. खाली बारक्या अक्षरांत इंग्रजीत एक ओळ उमटली. आवाज अपुरा आहे, बोलण्यास नकार, अशा अर्थाची.

ती ओळ वाचल्यावर मला सगळं एकदम कळलं.  कपाट, गोधड्या, राहिलेली दोन पानं, हॉस्पिटलचा पॅसेज, त्या चार ओळी, सगळं. मी तिथेच खुर्चीत बसून राहिलो. शेजारी बाबांची वही होती, शाळेत टाचण काढायची असायची तसली, लांबट. ती मी उघडली.

पहिल्या पानावर ती इंग्रजी ओळ बाबांनी उतरवून घेतली होती. सुवाच्य, वळणदार अक्षरात, फळ्यावर लिहावी तशी. प्रत्येक शब्दाखाली डिक्शनरीत बघून मराठी अर्थ लिहिला होता. त्याच्याखाली लिहिलं होतं, "शनिवारी त्याने मशीनमध्ये काम केले. भाषण बंद केले. त्यानंतर आवाज नाही. त्याला हे नको असेल. विचारू नये." आणि मग तारखा, एकाखाली एक, प्रत्येक तारखेपुढे "पाहिले, नाही" असं. रोज सकाळी ते मशीन चालू करून बघत होते, मुलाचा राग गेला का ते. जयंतीच्या सकाळपर्यंत तारखा आहेत. त्याच्यापुढे पान कोरं आहे.

मी आईला हाक मारली. वही दाखवली. म्हटलं, "आई, त्यांना वाटलं मी बंद केलं? तू मला सांगितलं का नाहीस?"

आई उंबऱ्यात बसली. म्हणाली, "मी सांगितला नाय? दोन दिवस सांगितला. मग त्यांनी पाटीवर लिवलानी, त्याला काय बोलू नकोस, त्याला आपली लाज वाटते." मग म्हणाली, "तू नाय बंद केलास?"

"नाही गं. म्हणजे केलं. मुद्दाम नाही केलं."

तिला कसं समजावणार होतो मी? डिपेंडन्सी म्हणजे काय, नक्कल का काढली, चाचण्या हिरव्या कशा आल्या. मी समजावायला लागलो आणि मध्येच रडायला लागलो. चाळिशी उलटलेला माणूस, हमसून हमसून. आई उठून माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला सहन होत नव्हतं. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

रत्नागिरीला परत आल्यावर मी जुना फोल्डर शोधून काढला आणि ती एक ओळीची आज्ञा चालवली. पडद्यावर चार ओळी आल्या. लॅबमध्ये मुलं होती, म्हणून तोंड धुवायला गेलो.

त्या थंड देशातल्या माणसाला मी सगळं लिहिलं. कोणाला तरी सांगायचं होतं. त्याने दोन दिवसांनी उत्तर दिलं, लांबलचक. तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटतं, आणि नक्कल काढायला मी सांगितलं, मी विचारायला हवं होतं, असं लिहिलं. मी कळवलं, तुम्ही बरोबर होता. आणि तो बरोबरच होता. माझ्या त्या चार ओळी मी तीन वर्षांपूर्वीच मूळ मॉड्यूलमध्ये द्यायला हव्या होत्या, सगळ्यांच्या विहिरीत. माझ्याच परसात दडवून ठेवल्या आणि विसरलो. आता त्या तिथे आहेत. आता कोणाचाही अपुरा आवाज ते मॉड्यूल बोलतं. त्या चार ओळी का घातल्या, ते या वेळी मी त्यांच्याच वर लिहून ठेवलं आहे.

बाबांच्या मशीनवर ते घातलं तेव्हा आई जवळ बसली होती. मी "भाषण" नावाच्या फाइलवर बाण नेला. तिने माझा हात धरला. म्हणाली, "आता नको. सभेसाठी लिवलानी ना? मग सभेतच लाव." मी ती वाचलीही नाही. खरं तर भीती वाटली. सबंध वर्ष ती तशीच ठेवली.

एप्रिल आला. या वेळी संचाची कुठली दारं कधी बंद होतात ते मी पाहिलंसुद्धा नाही. दोन दिवस आधी गावी गेलो, विहारात वायर ओढली, स्पीकर लावला. मुंबईची माणसं आली होती. शेवटी सूत्रसंचालक म्हणाला, आता गुरुजींचं भाषण. मी कळ दाबली.

खणखणीत आवाज विहारात भरला. पहिल्या वाक्याला मागून कोणीतरी हुंदका दिला.  बाबा त्या डबक्याबद्दल बोलले, कातळावरच्या शाळांबद्दल बोलले. मध्ये मध्ये आवाज अडखळत होता, जिथे तुकडा नव्हता तिथे थांबत होता. कोणी हसलं नाही. मी एकेकाचं तोंड बघत होतो. एकही माणूस हसला नाही.

शेवटी बाबा म्हणाले, "माझा आवाज गेला होता. तो मला माझ्या मुलाने परत आणून दिला. तुम्ही त्याला ओळखत नाही, तो तिकडे एकटाच बसून जगभरच्या लोकांचं काम करतो. म्हणून मी त्याला हट्टाने बोलावलं आहे. कामातून वेळ काढून तो आला आहे. तो बघा, माझ्या उजव्या बाजूला उभा आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं होतं तिथेच, उजव्या बाजूला, मी उभा होतो.